माझं मनगट आणि वालूरचे मेजर

सेलूच्या बस स्टँडमागच्या गल्लीत माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे, पहिल्या मजल्यावर. कंबर, गुडघे आणि लकव्याचे पेशंट जिथं यायचे ती जागा बावीस पायऱ्या चढून वर घेण्याची अक्कल मला कशी सुचली, असं लोक विचारतात. तळमजला मोबाईलवाल्यानं आधीच घेतला होता. मोबाईल घ्यायला येणाऱ्यांचे गुडघे शाबूत असतात, पण हे जागामालकाला कोण सांगणार?

पाटीवर माझं नाव आणि डिग्री ठळक लिहिलेली आहे. गावात मात्र हा ‘शेकाचा दवाखाना’ आहे आणि मी शेकवाली बाई. साडेचार वर्षं शिकून मी लाईटवर चालणारी आजीबाई झाले, असा एकूण समज. वीज गेली की पेशंट परत जातात. खरी गोष्ट अशी, की शेक आणि मशीन म्हणजे वरचं तोंडीलावणं. आमचं औषध एकच, व्यायाम. आणि ते कुणालाच नको असतं. शेतकरी म्हणतो, “दिवसभर राबतोच की बाई, अजून कसला व्यायाम?” नोकरदार म्हणतो, वेळ नाही. एका निवृत्त गुरुजींना गुडघ्याचे पाच प्रकार शिकवले, तर त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, “हे माझ्याऐवजी आमच्या सूनबाईनं केले तर चालतील का? ती घरीच असते.” मी म्हटलं, चालेल, पण मग गुडघा सूनबाईचा बरा होईल. गुरुजी विचारात पडले. त्यांना सौदा पटत नव्हता.

या अंकासाठी संपादकांनी फोन करून “काहीतरी प्रेरणादायी द्या” अशी मागणी केली. माझ्याकडं तसलं एकच आहे आणि त्यात माझंच हाड मोडलेलं आहे. चालवून घ्यावं.

वालूरचे ज्ञानोबा खंदारे हवालदार म्हणून निवृत्त झाले. आपल्याकडं फौजेतून आलेला कुणीही ‘मेजर’ असतो. सरकारनं दिली नाही ती बढती गाव देतं. तसे हे मेजर. वय पन्नासच्या आतबाहेर, उंच, डाव्या बाजूला कललेले. त्यांच्याबरोबर त्यांची पत्नी सुमनबाई. मेजर खुर्ची भिंतीला लावून, दाराकडं तोंड करून बसले. बोलायचं काम सुमनबाईंकडं.

“पाठ लय दुखायली त्यांची. सात-आठ वर्षं झाले. झोप न्हाई. रात्रभर अंगणात फेऱ्या मारतेत. भांडं पडलं तरी अंगावर धावतेत. लेकरं भ्यायलेत आता.”

“पाठीचं बोल,” मेजर म्हणाले. “बाई पाठीच्या डॉक्टर हायेत.”

एक्स-रे, मोठी तपासणी, सगळं पिशवीत होतं. जुनी इजा भरून आली होती. पाठ आतून ठीक होती आणि माणूस बाहेरून वाकडा होता. हे आमच्या धंद्यात रोजचं आहे. जखम भरते, पण शरीराला ते कुणी कळवत नाही. हललं की धोका, असं त्यानं एकदा मनावर घेतलं की स्नायू आवळून बसतात, आवळले की दुखतं, दुखलं की झोप नाही, आणि झोप नाही म्हणून उद्या अजून जास्त दुखतं. त्यात मनही कायम पहाऱ्यावर असेल तर मग बघायलाच नको. यावर उतारा म्हणजे रोज थोडं हलायचं, दुखण्याच्या अलीकडं थांबायचं, उद्या चिमूटभर वाढवायचं.

मी सांगितलं, रोज दहा मिनिटं चाला.

मेजरनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना रांगायला सांगितलंय. “बाई, पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढलोय मी. दहा मिनिटं? मला चालाया शिकवू नका.”

दुसऱ्या दिवशी ते वालूरहून निघून अर्ध्या रस्त्यापर्यंत चालत आले आणि नंतरचे सहा दिवस अंथरुणावर होते. सातव्या दिवशी बरं वाटलं म्हणून बांध खोदायला घेतला. पुन्हा अंथरूण. फौजेनं या माणसाला न थांबायचं शिक्षण दिलं होतं, आणि मी पडले थांबायला शिकवणारी. साहजिकच आमचं जमेना.

त्यात मध्येच पंधरा ऑगस्ट आला. शाळेनं मेजरना सत्काराला बोलावलं. शाल-नारळ द्यायच्या आधी त्यांना दोन तास उन्हात एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, कारण पाहुण्यांची गाडी यायची होती. देशासाठी झिजलेल्या पाठीचा गौरव तिला आणखी झिजवून झाला. एका पोरानं विचारलं, “किती दुश्मन मारले?” मेजर म्हणाले, “मी खेचरं सांभाळायचो. वरच्या चौक्यांवर सामान न्यायचो.” पोरं हसली. सूत्रसंचालकानं घाईघाईनं “असे हे आपले शूर मेजर!” म्हणून टाळ्या मागितल्या. गावाला गोळी लागलेला फौजी हवा असतो. खेचरामागं चालून पाठ मोडलेला फौजी भाषणात बसत नाही.

हे सगळं मला सुमनबाईंनी सांगितलं, पुढच्या खेपेला. मेजर आत पलंगावर पालथे पडले होते. मी शेकाची पिशवी ठेवली, पडदा ओढला आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. तेवढ्यात त्यांचा डोळा लागला. चार रात्रींचा जागा माणूस, ऊब मिळाली, झोपला. मी परत आले. पंख्याचा आवाज मोठा. एक शब्द न बोलता मी मागून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पुढचं सगळं दोन सेकंदांत झालं. ते वळून उठले आणि त्यांनी माझं उजवं मनगट धरलं. मला मारलं नाही, ढकललं नाही. नुसतं धरलं, आणि सोडेनात. डोळे उघडे होते, पण मी त्यांना दिसत नव्हते. मी घाबरून हात मागं ओढला, पाय घसरला, मी खाली आणि हात वर त्यांच्या मुठीत. हाड मोडल्याचा आवाज मी तोवर फक्त पुस्तकात वाचला होता. तो प्रत्यक्षात फारच साधा असतो, वाळकी काडी मोडल्यासारखा. सुमनबाईंनी येऊन त्यांच्या कानाशी त्यांचं नाव घेतलं, दोनदा, तेव्हा मूठ उघडली.

मेजर माझ्या हाताकडं बघत राहिले. मग चप्पल न घालता बावीस पायऱ्या उतरून निघून गेले.

चूक माझी होती, हे इथं लिहून टाकते. दार दिसेल असं झोपवायला हवं होतं, बोलून हात लावायला हवा होता. पहिल्या दिवशीच भिंतीला लावलेली खुर्ची मी पाहिली होती. बावीस वर्षांचा अनुभव त्या क्षणी अजून फोनवरच अडकला होता.

सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं. हाडाचे डॉक्टर माझे जुने ओळखीचे. त्यांनी सहानुभूती म्हणून विचारलं, “आता फिजिओथेरपीला कुठं पाठवू तुम्हाला?” घरी आमचे मिलिंदराव पोलिसांत जायचं म्हणून शर्ट घालून तयार. निवृत्त मुख्याध्यापक आहेत. तक्रार अर्जाचा मसुदासुद्धा त्यांनी विषय, संदर्भ घालून केला होता. मी म्हटलं, थांबा दोन दिवस. मोठं मन वगैरे काही नाही. मला दुखत होतं आणि पोलीस ठाण्याचा जिना चढायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुमनबाई आल्या. बसल्या नाहीत.

“खोलीची कडी लावून बसलेत. जेवेनात. मला कोंडून ठेवा म्हणतेत. मी माणसात राहायच्या लायकीचा न्हाई म्हणतेत.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “घरातली फवारणीची औषधं मी दिराकडं नेऊन ठेवली, बाई.”

माझं दुखणं त्या वाक्यानं क्षणभर थांबलं. मी म्हटलं, आजच्या आज परभणीला मनाच्या डॉक्टरकडं न्या. एकटं सोडू नका, एक मिनिटसुद्धा. मी तिथं फोन करून ठेवते. त्या निघाल्या, दारात थबकल्या.

“तुमचा काही निरोप?”

इथं मी काहीतरी थोर बोलले असेन अशी अपेक्षा असेल. मी चिडून म्हणाले, “सांगा त्यांना, उजवा हात गेलाय माझा. प्लास्टर निघालं की या म्हणावं, आणि व्यायाम घ्या माझा! दुसरं कोण आहे इथं?”

दिरानं त्यांना जीपमध्ये घालून परभणीला नेलं. डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं, गोळ्या सुरू केल्या, बोलावत राहिले. सुमनबाईंनी गोळ्या स्वतःच्या हातानं द्यायचं ठरवलं. थोडी झोप आली. पण बोलणं नाही आणि हलणं नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे.

प्लास्टर निघालं. आणि मग मला माझ्या पेशंटांविषयी जे जे कळत नव्हतं ते सगळं कळलं. मनगट लाकडाचं झालं होतं. विहारात वंदनेला हात जोडायला गेले तर दोन तळवे एकमेकांना भेटेनात. उपाय मला तोंडपाठ होता, तो मी हजारो लोकांना रागावून सांगितला होता. मी स्वतः तो किती केला? पहिल्या दिवशी दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी वेळ नव्हता. तिसऱ्या दिवशी दुखत होतं. चौथ्या दिवशी माझ्या मनात आलं, की सूनबाई असती तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी, दवाखाना उघडायच्या आधी, मेजर दारात उभे. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. माझ्याकडं न बघता म्हणाले, “निरोप मिळाला. हजर हाय.”

तो निरोप त्यांनी हुकूम म्हणून घेतला होता. मी माफीचं काहीतरी बोलायला लागले, ते दोन पावलं मागं सरले. म्हणाले, “त्ये नंतर. काय करायचंय ते सांगा.”

मी सांगितलं. ओला टॉवेल पिळणं, तळवा वर-खाली फिरवणं, टेबलाच्या कडेवरून हात लोंबता ठेवून मनगट उचलणं. प्रत्येकी तीस वेळा. त्यांनी वहीत उतरवलं. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज पहिल्या एसटीनं येऊन हा माणूस माझ्यासमोर बसू लागला. बावीस वर्षांत मी जेवढ्या सबबी ऐकल्या त्या सगळ्या मी त्यांच्यावर वापरून पाहिल्या.

“आज सूज आहे हो.”

“कालच्यापेक्षा कमी हाय. चला.”

“आत्ताच चहा झालाय माझा.”

“चहा पोटात हाय का मनगटात?”

आठव्या दिवशी मला चेव आला. पंधरा दिवसांत पोळ्या लाटायच्याच म्हणून मी एकदम किलोचं वजन उचललं. कळ डोक्यात गेली. मेजरनी वजन काढून घेतलं आणि पहिल्यांदा सलग एवढं बोलले.

“खेचराचा पाय जायबंदी झाला ना, तर आमी त्याला नुसतं बांधून ठेवत न्हाई. आखडतं. अन् एकदम ओझं बी घालत न्हाई. बसतं ते मग, उठतच न्हाई. रिकामं चालवायचं, रोज वाईच जास्ती. मग गादी घालायची. मग अर्धं ओझं. घाई केली की जनावर गेलं.”

मी डिग्रीच्या चौकटीकडं पाहिलं. तिच्यात जे होतं ते एका खेचरानं सांगितलं होतं.

“मेजर,” मी म्हटलं, “आणि तुम्ही? तुम्ही तर पहिल्याच दिवशी अर्ध्या रस्त्यापर्यंत पूर्ण ओझं घेऊन आलात.”

ते बराच वेळ टॉवेल पिळत राहिले. टॉवेल माझा होता. मग म्हणाले, “दहा मिनिटं म्हणला होतात न्हाई का तुमी?”

“दहा. त्याच्या वर एक नाही.”

त्या दिवसापासून माझा हात झाला की आम्ही दोघं मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यानं चालायला निघायचो. पाच मिनिटं पुढं, पाच मिनिटं मागं. पहिले पंधरा दिवस मी घड्याळ बघून त्यांना अडवायची आणि ते रागानं लाल व्हायचे. मिलिंदराव तक्रार अर्ज खणात जपून ठेवून खिडकीतून बघत असायचे. त्यानंतर बारा मिनिटं, पंधरा. मग पाठीचे व्यायाम, उभ्यानं, दार समोर ठेवून. पालथं झोपायचं नाही. हात लावायच्या आधी मी सांगणार, “कमरेला हात लावतेय,” ते म्हणणार, “लावा.” बस्स. जगातला सगळ्यात महागडा शोध असावा हा: बोलून हात लावणे. एक हाड लागलं मला.

महिनाभरानं, चालताना, कुणीही काही विचारलं नसताना, ते म्हणाले, “कुंदन म्हणून होता आमच्यात. गढवालचा. माझ्या पुढं असायचा.”

मी चालत राहिले.

“पावसानं रस्ता तुटला. त्याचं खेचर गेलं खाली. दोर कुंदनच्या हाताला गुंडाळलेला. मी पालथा पडलो अन् त्याचं मनगट धरलं. किती वेळ धरलं मालूम न्हाई. वरून दगडं पडायलेत पाठीवर. मग पाठीत कायतरी झालं...” ते थांबले नाहीत, पायही थांबले नाहीत. “मग हात रिकामा होता.”

अशा वेळी काय बोलावं हे आम्हाला कॉलेजात शिकवलेलं नाही. शिकवलं असतं तरी मी त्या तासाला झोपलेच असते. एरवी आम्ही साडेसात मिनिटं झाली की वळायचो, त्या दिवशी वळलो नाही. मोंढा संपला, शेतं लागली, हरभऱ्याच्या कडेनं चालत राहिलो. परत आलो तेव्हा पस्तीस मिनिटं झाली होती. मी म्हटलं, “उद्या दुखेल.”

“दुखू द्या,” मेजर म्हणाले. “पर परवा पुन्हा पंधराच.”

समोरासमोर खुर्च्या टाकून त्या माणसानं हे कुणाला सांगितलं असतं असं मला वाटत नाही. चालताना दोघंही समोर बघत असतात, तेवढा आडोसा पुरला. पुढच्या खेपेला हे सगळं त्यांनी परभणीच्या डॉक्टरांनाही सांगितलं, हेही महत्त्वाचं. कारण माझ्या या लेखावरून कुणी गोळ्या फेकून चालायला लागू नये. गोळ्यांनी झोप दिली, झोपेनं चालायचं बळ दिलं, आणि चालण्यानं बोलायला जागा दिली. यातलं श्रेय कुणाचं किती, यावर भांडायला आम्ही डॉक्टर लोक समर्थ आहोत.

मेजर बरे झाले का? प्रेरणादायी उत्तर ‘हो’ असं आहे. खरं उत्तर असं, की ते सरळ उभे राहतात, पाच तास झोपतात, लेकरं त्यांच्या ताटाशेजारी बसून जेवतात. लग्नात फटाके वाजले की आजही उठून शेतात जातात. फरक एवढाच, की तासाभरानं परत येतात. पाठ दुखतेच, दुखत असताना काय काय करता येतं हे त्यांना आता माहीत आहे. माझं मनगट पूर्ण वळत नाही. पोळ्या लाटता येतात, हे दुर्दैवानं घरात सगळ्यांना कळलंय.

आता खंत वाटते ती गोष्ट सांगते.

हे सगळं होऊन वर्ष उलटलं. एका सकाळी सुमनबाई आल्या, मागं मेजर, हातात पिशवी. मी घाबरले. “काय झालं मेजरना?”

“त्यांला काय होतंय?” सुमनबाई म्हणाल्या. “त्यांचं झालं की आता. माझा नंबर लावा.”

मी कागद काढला. नाव लिहिताना थांबले. वर्षभर ही बाई माझ्यासमोर उभी होती. मी तिच्याकडून मेजरची झोप विचारली, मेजरचं जेवण विचारलं, मेजरचा राग विचारला. तिला काय होतंय, हे एकदाही नाही. उजवा खांदा. पदर खोचायला हात मागं जात नव्हता, वेणी धाकटी जाऊ घालून द्यायची. असा आखडलेला खांदा मी रस्त्याच्या पलीकडून ओळखते, अशी माझी गावात ख्याती आहे.

“कधीपासून दुखतंय?”

“ते रिटायर होऊन आले तवापासून.” त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. “रात्री उठून कुठं जातेत म्हणून दाराला टेकून, बसूनच झोपायचे ना मी. एकाच अंगावर.”

मेजर पिशवी घेऊन उभे होते. त्यांना हे माहीत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पिशवी त्यांनी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

“किती दिवस लागतेल?” त्यांनी मला विचारलं.

“सहा महिने. रोज.”

“रोज आणतो.” आणि लगेच ताठ होत, माझ्या मनगटावर कमावलेल्या आवाजात, “सुमन, हात वर घे. सरळ. कोपर वाकवू नगंस...”

“तुमी जरा गुमान बसा तिथं,” सुमनबाई म्हणाल्या. “मला बाई सांगतेल.”

मेजर बसले. मी म्हटलं, “खांद्याला हात लावतेय.”

सुमनबाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, “लावा. कवाची वाट बघायलेय.”